नांगर सोडला तर घर चालेल का?

ताई, नमस्कार.

वाशीम जिल्ह्यात आमची पाच एकर कोरडवाहू काळी जमीन आहे. शिवाय शेजारच्या गावातली दोन एकर ठोक्यानं, म्हणजे ठरलेल्या भाड्यानं करतो. खरिपात सोयाबीन आणि थोडी तूर, विहिरीला पाणी राहिलं तर हरभरा. घरात आई-बाबा, मी, बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं. सोयाबीनचा एकरी खर्च लिहितो. नांगरटी १,५००, रोटाव्हेटर १,२००, पेरणी ९००, तीस किलो बियाणं २,६००, खत १,७००, तणनाशक १,२००, तीन फवारण्या ३,०००, खुरपणी-डवरणी १,५००, सोंगणी उक्ती ३,८००, मळणी १,६००. एकूण १९,०००. उतारा सरासरी सात क्विंटल, मागच्या हंगामात ४,२०० नं विकलं. एकरी १०,४०० राहिले, त्यात घरची मजुरी धरलेली नाही.

गावात सध्या रिजनरेटिव्ह, म्हणजे मातीचा कस परत आणणाऱ्या शेतीची चर्चा आहे. दोघांनी गादीवाफे करून नांगर सोडला. एकाचं बरं चाललंय, दुसऱ्यानं दुसऱ्याच वर्षी वाफे मोडून नांगरट केली. एक संस्था जिवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं घरगुती खत शिकवते. एक कंपनी कार्बन क्रेडिटचा, म्हणजे मातीत साठवलेल्या कार्बनचे पैसे देण्याचा दहा वर्षांचा करार घेऊन फिरते आणि पैसे थेट खात्यात येतील म्हणते. बाबा म्हणतात, नांगर न लागलेलं वावर आळशाचं. बायको म्हणते, करायचं तर सगळं एकदम करू, अर्धवट नको. पीक कर्ज दीड लाखाचं आहे, आजवर कधी थकवलं नाही. सातही एकर या पद्धतीत नेली तर घर चालेल का?

– एक शेतकरी, वाशीम जिल्हा

भाऊ, नमस्कार.

खर्चाचा असा ओळीनं हिशेब फार थोडी पत्रं देतात. तुम्ही दिलात म्हणून मला उत्तरही ओळीनं देता येतंय. सातही एकर एकदम नको. मालकीच्या पाचातला एक एकर या खरिपात बाजूला काढा आणि तो निदान तीन वर्षं नेटानं चालवा. ठोक्याच्या दोन एकरांना हात लावू नका. ही पद्धत माझ्या मते खरोखर चांगली आहे आणि तुमच्यासारख्या कोरडवाहू काळ्या जमिनीला तिची गरजही आहे. पण तिचा खर्च आधी येतो आणि फायदा मागून. मधली दोन वर्षं कोण सोसणार, हाच सगळा प्रश्न आहे.

आधी एक गुंता सोडवू. रिजनरेटिव्ह या नावाखाली तुमच्या गावात दोन वेगवेगळ्या पद्धती आल्या आहेत. गादीवाफ्यांची पद्धत नेरळच्या सगुणा बागेतल्या चंद्रशेखर भडसावळे यांची, म्हणजे एसआरटी (सगुणा रिजनरेटिव्ह टेक्निक). ती भातात सुरू झाली आणि पुढे सोयाबीन, कापूस, हरभऱ्यातही आली. साधारण साडेचार फुटांवर वाफे एकदाच करायचे, पुन्हा मोडायचे नाहीत, बी टोकायचं, पीक उपटण्याऐवजी कापायचं, मुळं जमिनीतच कुजू द्यायची. इथे रासायनिक खत चालतं आणि तणनाशकावर तर बरीच भिस्त असते. जिवामृताची पद्धत तुमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांची. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हापासून ती घरोघरी पोचली. तिथे खत, कीटकनाशक, तणनाशक यातलं दुकानचं काहीच नाही, पण तण काढायला डवरा किंवा माणूस लागतोच.

म्हणजे एकीत ट्रॅक्टरचं भाडं वाचतं, दुसरीत कृषी सेवा केंद्राचं बिल. दोन्ही पहिल्याच वर्षी एकत्र केल्या तर बचतीआधी अडचणीच एकत्र येतात. नांगर नाही, तणनाशकही नाही आणि जुलैच्या झडीत वावर हिरवंगार तणाचं. पहिल्या एक-दोन वर्षांत माघार घेणारे बरेच जण इथेच फसतात. तुमच्या गावातल्या त्या दुसऱ्या शेतकऱ्यानं वाफे का मोडले, हे त्यांच्या घरी जाऊन विचारून या. ज्यांचं बरं चाललंय त्यांच्याकडून जेवढं कळेल त्याहून जास्त तिथे कळेल.

आता तुमच्याच आकड्यांवर पहिल्या पद्धतीचा एक एकर मांडू. जिथे मी अंदाज धरला आहे तिथे तसं सांगते, तुमच्या गावच्या दरानं तो बदलून घ्या.

पहिल्या वर्षी नांगर आणि रोटाव्हेटर सुटत नाही, कारण वाफे भुसभुशीत मातीतच धरतात. वर वाफे पाडण्याचे ट्रॅक्टरला १,५०० धरू. पेरणीचे ९०० वाचतील, पण टोकणीला सहा बाया ३०० रोजानं म्हणजे १,८००, ज्यादा ९००. टोकणीत बियाणं तीस किलोऐवजी अठरा किलोत भागलं तर हजार रुपये वाचतात. तणाला निदान १,५०० जास्त लागतील. सगळं मिळून खर्च २,९०० नं वाढला. हात बसेपर्यंत उतारा एक क्विंटलनं घटला असं समजू, म्हणजे मळणी वजा जाता आणखी चार हजार गेले. तुमचे १०,४०० साडेतीन हजारांवर आले. एका एकरात सात हजारांचा फटका.

दुसऱ्या वर्षी नांगर आणि रोटाव्हेटरचे २,७०० पूर्ण वाचतात. सऱ्या साफ करायला तीनेकशे लागतील. बियाण्याची बचत, टोकणीचा ज्यादा खर्च आणि तण तेवढंच. उतारा परत सातवर आला तर खर्चात हजारभर रुपयांची बचत. मागून त्याच वाफ्यावर न नांगरता हरभरा टोकला तर रब्बीच्या रोटाव्हेटरचेही १,२०० वाचले. तिसऱ्या वर्षी तण कमी व्हायला लागतं, कारण माती उलटत नाही तेव्हा खाली गाडलेलं तणाचं बी वर येत नाही. खतात नि फवारणीत थोडा हात आखडता आला तर वर्षाची बचत चार हजारांपर्यंत जाते. पहिल्या वर्षी पडलेला खड्डा तिसऱ्या वर्षाअखेर जवळजवळ भरतो आणि कमाई चौथ्या वर्षापासून सुरू होते.

हाच हिशेब पाच एकरांना लावा. चांगल्या वर्षी तुमच्या पाच एकरांत ५२,००० राहतात, त्यातले ३५,००० पहिल्याच वर्षी जातील. सातही एकर केलीत तर ४९,००० जातील आणि उरलेल्या २३-२४ हजारांत ठोका द्यायचा, घर चालवायचं, मुलांची शाळा बघायची. आपल्या राज्यात तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर व्याज पडत नाही. एकदा थकलं की ती सवलत गेली, पुढच्या कर्जाला अडथळा आला आणि मग सावकाराचं दार. आजवर कर्ज थकवलं नाहीत ही तुमची मोठी पुंजी आहे. ती या प्रयोगापायी घालवू नका. एका एकराचे सात हजार मात्र तुमचं घर सोसू शकतं, आणि शिकण्याची एवढी किंमत रास्त आहे.

वहिनींना हे नीट समजावून सांगा, कारण त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. अर्धवट केलं तर काहीच हाती लागत नाही हे खरंच आहे. फक्त अर्धवटपणा दोन प्रकारचा असतो. जमीन थोडी घेणं हा शहाणपणा, पद्धत अर्धी घेणं हा तोटा. २०१५ मध्ये जगभरातल्या ६१० अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. नुसती नांगरट बंद केली तर उतारा सरासरी पावणेसहा टक्क्यांनी घटलेला दिसला. पण कोरड्या हवामानातल्या पावसावरच्या शेतीत नांगरट बंद, जमिनीवर काडीकचऱ्याचं आच्छादन आणि पिकांची फेरपालट ही तिन्ही एकत्र पाळली तिथे उतारा सात टक्क्यांहून थोडा जास्तच वाढला. तुमची शेती कोरडवाहू, तेव्हा हा दुसरा आकडा तुमच्या बाजूचा आहे. मात्र तो तिन्ही गोष्टी पाळणाऱ्याचा आहे. वाफे केले पण कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, सगळं उचलून नेलं आणि वर्षानुवर्षं सोयाबीन-हरभरा एवढंच लावलं, तर पदरात पहिला आकडा पडतो.

कुटाराचं काय करायचं हे घरात बसून ठरवावं लागेल. बैल-म्हैस असेल तर कुटार म्हणजे चारा, आणि चारा विकत घ्यायला लागला तर तो या पद्धतीचा खर्चच आहे. सोयाबीन वाळताना पानं आपोआप झडतात, तेवढं आच्छादन फुकटचं. कापताना बुडखा तीन-चार बोटं ठेवा, मुळं राहू द्या. मळणीचं निम्मं कुटार त्या एकरात परत टाका, निम्मं गोठ्याला. तुरीची मुळं तर अजिबात उपटू नका. रब्बीत दर दोन-तीन वर्षांनी हरभऱ्याऐवजी करडई किंवा ज्वारी घ्या. करडईचं सोटमूळ खोल जातं आणि खालचा कडक थर फोडतं. ज्वारीचा कडबा तुमची चाऱ्याची ओढाताण कमी करतो.

आच्छादनाची एक जोखीम आहे आणि ती प्रात्यक्षिकात सहसा सांगत नाहीत. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली आणि लोकांना पुन्हा पेरावं लागलं. ओला काडीकचरा ही गोगलगायींची आणि वाणी किड्यांची लपायची जागा. उगवणीनंतरचे पंधरा दिवस संध्याकाळी त्या एकरात चक्कर मारा. धुऱ्यानं ओली गोणपाटं टाकून ठेवा आणि सकाळी त्याखालच्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका. यात पैसा फारसा जात नाही, पण वेळ जातो, आणि तो वेळही वहीत लिहायचा.

वेळेचं मी मुद्दाम म्हणते. केंद्राचा कृषी मूल्य आयोग पिकाचा खर्च काढतो तेव्हा रोखीनं झालेला खर्च म्हणजे ए-२, आणि घरच्या माणसांचे श्रम म्हणजे एफएल. हमीभाव या दोन्हींच्या दीडपट धरला जातो. जमिनीचं भाडं आणि भांडवलावरचं व्याजही धरलं की सी-२ होतो. या नव्या शेतीत ए-२ उतरतो आणि एफएल चढतो. जिवामृताचा एक पिंप करायला दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन आणि दोनशे लिटर पाणी लागतं. सामान थोडक्यात येतं. पण शेण-गोमूत्र धरणं, पाणी ओढणं, रोज ढवळणं, गाळणं, वावरात नेणं हे कोण करतं? बहुतेक घरांत बाई करते, स्वयंपाक आणि गोठा सांभाळून. मग नवरा मंचावर सांगतो की माझा खर्च शून्य आहे. मला याचा फार त्रास होतो. वहिनींच्या आणि आईच्या प्रत्येक दिवसाला गावातल्या बाईचा जो रोज चालतो तो लावा आणि वहीत मांडा. त्यानंतरही एकर फायद्यात दिसला तरच तो फायदा.

जिवामृताच्या पद्धतीचा हिशेबही थोडक्यात देते, म्हणजे तुम्हाला तुलना करता येईल. खत, फवारण्या आणि तणनाशक मिळून दुकानाचे ५,९०० वाचतात. खुरपणीचे तीन हजार वाढतील, सामान आणि श्रमाचे हजार धरू. उतारा दोन क्विंटलनं घटला तर ८,४०० गेले. म्हणजे पहिल्या वर्षी साडेसहा हजारांचा फटका, जवळपास तेवढाच. पण इथे सरकारची मदत मिळू शकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केलं, २,४८१ कोटींचं, १५ हजार गट आणि साडेसात लाख हेक्टरांसाठी. त्यात गटातल्या शेतकऱ्याला एकरी वर्षाला ४,००० रुपये, दोन वर्षं. तुमचं गाव एखाद्या गटात आहे का हे कृषी सहायकांना विचारा. असेल तर साडेसहा हजारांचा फटका अडीच हजारांवर येतो आणि माझा सल्लाही थोडा बदलतो. मग घरचं शेण आणि हात किती आहेत ते पाहून तुम्ही याच पद्धतीचा एक एकर घेऊ शकता. फक्त त्या एकरात तणनाशक चालणार नाही हे लक्षात ठेवा. गट नसेल तर गादीवाफ्यांपासून सुरुवात करा.

कोणतीही पद्धत घेतलीत तरी खत एका झटक्यात बंद करू नका. सोयाबीन नत्र बरंचसं हवेतून घेतं, त्यामुळे युरियाची काळजी नको. स्फुरद मात्र हवेतून येत नाही. सात क्विंटल सोयाबीन वावरातून साधारण दहा किलो स्फुरद घेऊन जातं आणि पालाश त्याहूनही जास्त. दरवर्षी नेलेलं परत घातलं नाही तर काही वर्षं जमीन जुन्या साठ्यावर निभावते आणि मग उतारा घसरतो. डीएपीच्या एका पोत्यात २३ किलो स्फुरद असतं. म्हणून माती तपासा आणि साठा बरा असेल तर पोतं अर्ध्यावर आणा, वर शेणखत द्या. किंवा सिंगल सुपर फॉस्फेट वापरा, त्यात सोयाबीनला लागणारं गंधकही येतं. श्रीलंकेनं २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका हुकमानं थांबवली. काही महिन्यांतच हुकूम मागे घ्यावा लागला, तरी भाताचं उत्पादन कोसळलं आणि तांदूळ बाहेरून आणावा लागला. देशाला जे झेपलं नाही ते पाच एकरांच्या घरावर कुणी लादू नये.

मग फायदा नेमका कुठे आहे? मी तो तीन जागी बघते.

एक, रोख पैसा. मे-जूनमध्ये घरात पैसा सगळ्यात कमी असतो आणि ट्रॅक्टरवाला तेव्हाच मागतो. ते २,७०० त्या महिन्यात हातात राहणं हे दिवाळीनंतर मिळणाऱ्या २,७०० पेक्षा मोठं आहे. व्याजानं उचल घेणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

दुसरी जागा वेळेची. पुरेसा, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला की पेरा असं कृषी खातं सांगतं. त्या दोन दिवसांत गावातले सगळे ट्रॅक्टर कुणाच्या ना कुणाच्या वावरात असतात. वाफे तयार असले तर तुम्ही कुणाची वाट बघत नाही. रब्बीत हे आणखी कामाला येतं. सोयाबीन निघालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हरभरा टोकता येतो, नांगरटीत उडून जाणारी ओल बियाला मिळते. विहीर आटणाऱ्या गावात एक पाणी वाचणं म्हणजे कधीकधी अख्खं पीक वाचणं.

आणि तिसरी, वाईट वर्षाची. गादीवाफ्यावर जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं आणि पाऊस दडी मारतो तेव्हा झाकलेली माती उशिरा सुकते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जसे पूर आले त्यापुढे कोणताच वाफा टिकत नाही, हेही खरं. पण दरवर्षी येणाऱ्या लहान-मोठ्या ओढीला आणि झडीला त्याचा उपयोग होतो. म्हणून एका वर्षाचा उतारा बघून निकाल देऊ नका. चांगल्या पावसाच्या वर्षी नांगरलेलं वावर कदाचित पुढे जाईलही. वाईट वर्षी दोन्हींत काय राहिलं ते बघा, कारण घर कर्जात जातं ते वाईट वर्षीच.

सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहणारा कार्बन, एक टक्का वाढला की एकरात लाखो लिटर पाणी जास्त साठतं, असं तुम्ही कार्यक्रमांत ऐकलं असेल. त्यावर विसंबू नका. २०१८ मध्ये जगभरच्या मोजण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा कर्ब एक टक्क्यानं वाढल्यावर पिकाला मिळणारं पाणी दहा सेंटिमीटर मातीमागे जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर वाढलेलं दिसलं, आणि चिकण मातीत त्याहूनही कमी. शिवाय कर्ब एक टक्का वाढवणं हे पिढीचं काम. तुम्हाला लवकर मिळणारा फायदा आहे तो पाणी चांगलं मुरण्याचा आणि उन्हापासून माती झाकली जाण्याचा.

अमेरिकेतला एक अभ्यासही सगळीकडे सांगितला जातो. तिथल्या उत्तरेकडच्या मैदानी राज्यांत रिजनरेटिव्ह मक्याचा उतारा २९ टक्के कमी आला, तरी नफा ७८ टक्के जास्त झाला. आकडे खरे आहेत. पण त्या नफ्यात बियाणं-खताच्या बचतीबरोबर मालाला मिळालेल्या चढ्या भावाचाही हात होता. तुमचं सोयाबीन वाशीमच्या बाजार समितीत त्याच ढिगात पडणार. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ असताना तुम्हाला ४,२०० मिळाले, तिथे रसायनमुक्त म्हणून वर कोण देणार? प्रमाणपत्राच्या रस्त्यात हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं रूपांतराची असतात. त्या काळात खर्च सेंद्रियचा आणि भाव साधा. एकट्यानं तो रस्ता धरू नका. जवळच्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे खरेदीदार असेल आणि त्याचा भाव कागदावर असेल, तरच तो आकडा वहीत घाला. नाहीतर ४,२०० च धरा.

कार्बन क्रेडिटचं थेट गणित करू. एका एकरातल्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचं वजन साधारण आठ लाख किलो. सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्यानं वाढला, म्हणजे आठशे किलो कार्बन, म्हणजे जवळपास तीन टन कार्बन डायऑक्साइड. एवढं व्हायला चार-पाच वर्षं सहज लागतील. टनाला हजार रुपये मिळाले असं धरलं तर एकरी तीन हजार, त्यातून मोजणी, तपासणी, नोंदणी आणि कंपनीचा वाटा जाणार. तुमच्या हातात वर्षाला काही शे रुपये येतील. आले तर चांगलंच आहे, पण त्यावर घर चालत नाही. आणि या काही शे रुपयांसाठी दहा वर्षं बांधून घेताना करार मराठीत मागा. मध्ये नांगरट करावी लागली तर दंड आहे का, जमीन विकली किंवा वाटणी झाली तर काय, खर्च वजा केल्यावरचा वाटा की आधीचा, क्रेडिटची मालकी कुणाची, हे सगळं लेखी घ्या. मेहरबानी करून या वर्षी सही करू नका. पद्धत तुमच्या हातात बसल्यावर बघू.

ठोक्याच्या दोन एकरांचं आता सांगते. वाफ्याचा खर्च तुमचा आणि पहिल्या वर्षाची घटही तुमची. तिसऱ्या-चौथ्या वर्षी माती सुधारल्यावर मालकानं ठोका वाढवला किंवा जमीन दुसऱ्याला दिली तर फळ त्याचं. निदान पाच वर्षांचा लेखी ठोका मिळत नाही तोवर तिथे चालू आहे तसंच चालू द्या.

बाबांची समजूत मी घालणार नाही, ते काम त्यांच्याच आठवणी करतील. त्यांना विचारा, त्यांचे वडील काळी जमीन दरवर्षी नांगरत होते का? आपल्याकडे जुनी रीत अशी की दरसाल वखराच्या पाळ्या द्यायच्या आणि खोल नांगरट तीन-चार वर्षांतून एखादी. काळी माती उन्हाळ्यात स्वतःच भेगाळते आणि वरची ढेकळं त्या भेगांत पडून उलथापालथ होते. दरवर्षीची नांगरट घरोघरी आली ती ट्रॅक्टरबरोबर. बाबांना हे तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. एकर निवडायचं काम त्यांनाच द्या. हराळी आणि लव्हाळ्यासारखं चिवट तण नसलेलं, पाणी न साचणारं, घराजवळचं वावर कोणतं हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकणार नाही. हराळीच्या वावरात नांगर सोडला तर ती दोन वर्षांत सगळं व्यापून टाकते आणि मग तणनाशकाचं बिल नांगरापेक्षा मोठं होतं.

शेजारीच दुसरा एक एकर नेहमीच्या पद्धतीनं करा, तेच वाण, तीच तारीख. दोन्हींची वही वेगळी ठेवा आणि मळणी वेगळी करून पोती मोजा. वहीत तारीख, काम, कुणी केलं, किती तास आणि किती रुपये, एवढंच. तिसऱ्या वर्षाअखेर घरचे श्रम धरून नवा एकर बरोबरीत आला असेल तर दुसरा एकर घ्या, मग तिसरा. बरोबरीत नसेल किंवा मध्येच हराळी बसली, तर खुशाल एकदा नांगर घालून वाफे पुन्हा पाडा, त्यात कमीपणा नाही. पहिल्या हंगामाची वही दिवाळीनंतर मला पाठवा, खर्चाची पानं आपण मिळून तपासू. माती तपासायची असेल तर नमुना उन्हाळ्यात, शेणखत टाकायच्या आधी काढा.